स्वतःच्या कमाईचे शिक्षण

दोनदा नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मादाम क्युरी यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. रेडियमचा शोध लावण्याआधी केवळ शिकायला मिळावे म्हणून त्यांना कित्येक वर्षे नोकरी करावी लागली. त्या दिवसांची हकीकत या पाठात सांगितली आहे.

विद्यार्थ्यांनो, दहावीची परीक्षा जवळ आली, की घरोघरी एकच प्रश्न निघतो. पुढे काय? तुमच्यापैकी अनेकांना पुढे शिकायचे असते. पण घरची परिस्थिती डोळ्यांपुढे येते. कमावणारे अब्बा एकटे, पाठीवर लहान भावंडे. फी, पुस्तके, बसचे भाडे यांसाठी त्यांच्यापुढे पुन्हापुन्हा हात पसरणे जिवावर येते. मग कोणी म्हणतो, शिक्षण सोडावे आणि कामाला लागावे. कोणी म्हणतो, काम करता करता शिकावे. पण ते खरोखर जमते का? जमले तर त्यासाठी काय सोसावे लागते?

या प्रश्नांचे उत्तर नुसत्या उपदेशाने देता येत नाही. म्हणून तुमच्याच वयाच्या एका मुलीपासून आपण सुरुवात करू.

तिचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. घरात तिला लाडाने मान्या म्हणत. पोलंड देशातील वॉर्सा शहरात ७ नोव्हेंबर १८६७ रोजी तिचा जन्म झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. आई मुलींच्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती.

त्या काळी पोलंड स्वतंत्र नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारचे राज्य होते. शाळेत मुलांना आपल्या मातृभाषेत शिकण्याची मनाई होती. सर्व विषय रशियन भाषेत शिकावे लागत. मान्याचे वडील आपल्या देशावर प्रेम करणारे होते. त्यामुळे त्यांना वरच्या जागेवरून काढून खालच्या जागेवर टाकले गेले. पगार कमी झाला. सरकारी घर सोडावे लागले. त्यातच एका नातेवाइकाच्या धंद्यात गुंतवलेली सारी शिल्लक बुडाली. घर चालवण्यासाठी वडिलांनी बाहेरगावचे विद्यार्थी घरात ठेवून घेतले. खोल्या त्यांना दिल्यावर मान्याला जेवणाच्या खोलीत झोपावे लागे. सकाळी विद्यार्थी न्याहारीला येण्यापूर्वी तिला आपले अंथरूण आवरावे लागे.

याच दिवसांत थोरली बहीण तापाने गेली. १८७८ मध्ये आईही क्षयाने गेली. मान्या तेव्हा दहा वर्षांची होती.

दुःख मोठे होते, पण अभ्यास थांबला नाही. १८८३ मध्ये शाळेची शेवटची परीक्षा झाली. मान्याला सुवर्णपदक मिळाले. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता कॉलेज, असे तुम्हांला वाटेल. पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. भावाला वैद्यकीय शिक्षणाची वाट मोकळी होती; बहिणींना नव्हती. शिकायचे तर परदेशी, पॅरिसला जायला हवे होते. तेथे मुलींना विद्यापीठाचे दार उघडे होते. पण त्यासाठी पैसा कोठून आणायचा? आपण मुलींना पॅरिसला पाठवू शकत नाही, या विचाराने वडिलांचा जीव तुटत असे. मुलींनी मात्र वडिलांना कधी दोष दिला नाही. त्यांनी शिकवण्या सुरू केल्या.

मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जात. थंडी असो, पाऊस असो, शिकवणी चुकवता येत नसे. संध्याकाळी त्या एका वेगळ्याच वर्गाला जात. वॉर्सातील काही शिक्षक मुलामुलींना गुपचूप उच्च शिक्षण देत. हे वर्ग आज एकाच्या घरी, तर उद्या दुसऱ्याच्या घरी भरत. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत राहावे लागे. लोक त्याला उडते विद्यापीठ म्हणत.

पण शिकवण्यांच्या पैशांतून पॅरिस काही जवळ येईना. ब्रोन्याला डॉक्टर व्हायचे होते. तिने पैसा पैसा साठवून एका वर्षाच्या खर्चापुरती रक्कम जमवली होती. शिक्षण मात्र पाच वर्षांचे होते. तेव्हा मान्याने हिशेब मांडला. दोघींनी वेगवेगळे साठवत बसलो, तर दोघीही कधीच जाणार नाही. त्यापेक्षा ब्रोन्याने आधी जावे. मान्या नोकरी करून तिला पैसे पाठवील. ब्रोन्या डॉक्टर झाली, की तिने मान्याला बोलावून घ्यावे आणि तिच्या शिक्षणाला मदत करावी. ब्रोन्याला हे पटेना. धाकट्या बहिणीच्या कमाईवर आपण शिकायचे, याची तिला लाज वाटत होती. पण मान्याने तिची समजूत घातली. १८८५ मध्ये ब्रोन्या पॅरिसला गेली.

आता वचन पाळण्याची पाळी मान्याची होती. तेव्हा श्रीमंत घरांत मुलांना शिकवण्यासाठी शिक्षिका ठेवत. ती त्याच घरी राहत असे. तिला गव्हर्नेस म्हणत. १८८६ च्या जानेवारीत मान्याने श्चुकी नावाच्या खेड्यात अशी नोकरी धरली. हे खेडे वॉर्सापासून सुमारे १०० किलोमीटर दूर होते. भोवती बिटाची शेते आणि जवळच साखरेचा कारखाना. पगार वर्षाला ५०० रूबल. राहण्याजेवणाचा खर्च मालकाचा. पगाराचा जवळजवळ अर्धा भाग ती ब्रोन्याला पाठवत असे. मान्या अजून वीस वर्षांचीही झाली नव्हती.

दिवसाचे सात तास मालकाच्या मुलींना शिकवण्यात जात. याशिवाय घरातील लहानसहान कामे आणि पाहुण्यांची ऊठबस असे. मग स्वतःचा अभ्यास कधी? रात्री नऊनंतर आणि पहाटे सहाला उठून. तिच्याजवळ शिक्षक नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. होती ती थोडी पुस्तके. एकाच विषयाचा कंटाळा येऊ नये म्हणून ती दोनतीन विषय एकदम वाचायला घेई. डोके थकले आणि वाचलेले समजेना, की ती बीजगणिताची उदाहरणे सोडवी. उदाहरण सोडवताना मन भटकत नाही, असा तिचा अनुभव होता. गणितात अडले, की ती वडिलांना पत्र लिहून विचारी. वडील पत्रातूनच उत्तर पाठवत. वडिलांकडून तिने पैसे घेतले नाहीत, पण त्यांची विद्या घेतली. साखर कारखान्यातील एका रसायनतज्ज्ञाकडूनही ती रसायनशास्त्राचे धडे घेत असे.

खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना लिहितावाचता येत नव्हते. मान्याने मालकाच्या मोठ्या मुलीला सोबत घेतले आणि आपल्याच खोलीत त्यांचा वर्ग सुरू केला. त्यांना ती पोलिश भाषा शिकवू लागली. हे काम कायद्याच्या विरुद्ध होते. पकडले गेले असते तर कठोर शिक्षा झाली असती. आपले स्वतःचे शिक्षण अडलेले असताना दुसऱ्याला शिकवणारी ही मुलगी होती, हे लक्षात ठेवा.

या नोकरीत तिला एक मोठा घावही सोसावा लागला. मालकाचा थोरला मुलगा वॉर्साला गणित शिकत होता. सुटीत तो घरी आला. त्याला मान्याशी लग्न करायचे होते आणि मान्याचीही संमती होती. पण त्याच्या आईवडिलांनी साफ नकार दिला. आपल्याच घरी पगारावर काम करणारी गरीब मुलगी त्यांना सून म्हणून नको होती. कालपर्यंत तिचे कौतुक करणारी माणसे आज तिच्याशी कोरडेपणाने बोलू लागली. असा अपमान झाल्यावर त्याच दिवशी सामान बांधून निघून जावे, असे कोणालाही वाटेल. पण मान्या गेली नाही. तिने नोकरी सोडली असती, तर पॅरिसमध्ये ब्रोन्याचे शिक्षण अडले असते. मान्या मुकाट्याने काम करीत राहिली. श्चुकी येथे तिने साडेतीन वर्षे काढली.

त्या काळात ती निराश झाली नाही, असे मात्र समजू नका. आता आपले काही होणार नाही, भावाबहिणींचे चांगले व्हावे एवढेच पुरे, असे तिला अनेकदा वाटे. शाळा सोडल्यापासून पाच वर्षे, मग सहा वर्षे उलटली. तिच्या वयाची माणसे शिकून मोकळी झाली होती आणि ती अजून पहिल्या पायरीवरही नव्हती.

दरम्यान वडिलांनी निवृत्तीनंतर पुन्हा एक कष्टाची नोकरी धरली. ते ब्रोन्याला पैसे पाठवू लागले. तेव्हा ब्रोन्याने मान्याला पैसे बंद करायला सांगितले. वडिलांनाही तिने कळवले, की तिच्यासाठीच्या रकमेतून थोडी रक्कम दरमहा मान्यासाठी बाजूला ठेवावी. बहिणीचे कर्ज ती अशा रीतीने फेडू लागली.

१८९० मध्ये ब्रोन्याचे पत्र आले. तिचे लग्न ठरले होते. पुढच्या वर्षी मान्याने पॅरिसला यावे आणि आपल्याच घरी राहावे, असे तिने लिहिले. ज्या पत्राची इतकी वर्षे वाट पाहिली, ते हाती आले. तरी मान्या लगेच निघाली नाही. वडील थकले होते. त्यांच्याजवळ थोडे राहावे, असे तिला वाटले. शिवाय गाठीचे पैसे पुरेसे नव्हते. तिने वॉर्सात आणखी एक वर्ष शिकवण्या केल्या. याच वर्षी तिला एका लहानशा प्रयोगशाळेत काम करण्याची परवानगी मिळाली. दिवसा वेळ नसे. म्हणून ती रात्री आणि रविवारी तेथे जाई आणि पुस्तकात वाचलेले प्रयोग एकटीच करून पाही.

अखेर १८९१ च्या नोव्हेंबर महिन्यात ती पॅरिसला निघाली. भाडे वाचवण्यासाठी तिने जर्मनीतील प्रवास चौथ्या वर्गाच्या डब्यातून केला. त्या डब्यात बाकेही पुरेशी नसत. म्हणून बसायला घडीची खुर्ची आणि वाटेत खायला जेवण तिने घरूनच घेतले होते. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. शाळा सोडून आठ वर्षे झाली होती.

पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात तिने मारिया या नावाचे फ्रेंच रूप लिहिले. तेच नाव आपण मेरी असे लिहितो. सुरुवातीला ती ब्रोन्याकडे राहिली. पण ते घर विद्यापीठापासून दूर होते. जायला तास लागे आणि रोजचे गाडीभाडे वेगळे. शिवाय घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ. काही महिन्यांनी तिने विद्यापीठाजवळ एक खोली भाड्याने घेतली. महिन्याला तिच्याजवळ ४० रूबल, म्हणजे सुमारे १०० फ्रँक असत. त्यात तिची स्वतःची शिल्लक होती आणि वडिलांची थोडी मदत होती. रोजच्या वाट्याला जेमतेम तीन फ्रँक येत. त्यात भाडे, जेवण, कपडे, वह्यापुस्तके आणि फी सारे भागवायचे होते.

खोली छपराखाली होती. कोळशाच्या बादल्या तिला स्वतःच जिन्यावरून वर न्याव्या लागत. कोळसा वाचावा म्हणून ती संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसे. तेथे उजेड आणि ऊब दोन्ही फुकट मिळत. रात्री दहाला ग्रंथालय बंद झाले, की खोलीवर येऊन दिव्याच्या उजेडात पुन्हा अभ्यास. हिवाळ्यात भांड्यातले पाणी गोठे. तेव्हा ती असतील नसतील तेवढे कपडे अंगावर घेऊन झोपे. जेवण म्हणजे पाव, लोणी आणि चहा. एकदा ती चक्कर येऊन पडली. ब्रोन्याचा नवरा डॉक्टर होता. तो धावत आला आणि काय खाल्ले ते विचारू लागला. आदल्या संध्याकाळपासून तिने थोडे मुळे आणि थोडी चेरीची फळे एवढेच खाल्ले होते. त्याने तिला घरी नेऊन चांगले जेवू घातले आणि काही दिवस तेथेच ठेवून घेतले.

विद्यार्थ्यांनो, उपाशी राहून अभ्यास करण्यात मोठेपणा आहे, असे समजू नका. शरीर दुखावले तर अभ्यासही दुखावतो. मेरीची ही गोष्ट अनुकरणासाठी नाही. ज्ञानाची भूक किती तीव्र असते, ते कळावे म्हणून सांगितली आहे.

अभ्यासातही अडचणी होत्या. फ्रेंच आपल्याला चांगले येते, असे तिला वाटत होते. पण वर्गात प्राध्यापक भराभर बोलत आणि वाक्येच्या वाक्ये निसटत. परक्या भाषेत शिकणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. घरी बसून केलेला अभ्यासही अपुरा पडला. तिने दोन्ही उणिवा भरून काढल्या. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली.

पण पैसे संपत आले होते. गणिताची पदवी बाकी होती. अशा वेळी पोलंडमधून परदेशी शिकणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांना दिली जाणारी ६०० रूबलची शिष्यवृत्ती तिला मिळाली. महिना ४० रूबल खर्च धरला, तर ही रक्कम पंधरा महिने पुरणारी होती. १८९४ मध्ये ती गणिताच्या पदवी परीक्षेत दुसरी आली.

पुढे तिला एका संस्थेकडून पोलादाच्या चुंबकीय गुणांवर संशोधन करण्याचे काम मिळाले. त्याचे पैसे हाती येताच तिने त्यातून ६०० रूबल वाचवले आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला परत पाठवले. शिष्यवृत्ती परत करावी, असा नियम नव्हता. कोणी ती परत करीतही नसे. संस्थेचे चिटणीस चकित झाले. पण मेरीच्या मते ते पैसे आपल्याजवळ ठेवणे बरोबर नव्हते. आपल्यासारखाच कोणी गरीब विद्यार्थी त्यांची वाट पाहत असेल, असे तिला वाटत होते.

१८९५ मध्ये पिअर क्युरी या शास्त्रज्ञाशी मेरीचे लग्न झाले. जग त्यांना मादाम क्युरी म्हणून ओळखू लागले. त्यापुढचे त्यांचे काम तुम्ही विज्ञानात शिकता. एका गळक्या शेडमध्ये पतिपत्नींनी टनावारी खनिज उकळून, गाळून संशोधन केले. १८९८ मध्ये त्यांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये जाहीर केली. पोलोनियम हे नाव पोलंडवरून ठेवले. त्या काळातही काम आणि अभ्यास यांची जोड सुटली नाही. संशोधन चालू असताना मादाम क्युरी मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला जात. घरी लहान मुलगी होती. १९०३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रेडियम मिळवण्याच्या पद्धतीवर हक्क नोंदवून त्यांना श्रीमंत होता आले असते. पण त्यांनी ती पद्धत सर्वांना खुली केली.

१९०६ मध्ये पिअर क्युरी रस्त्यावरील अपघातात मरण पावले. सरकारने मादाम क्युरींना पेन्शन देऊ केले. त्यांनी ते नाकारले. आपल्या अंगात बळ आहे, आपण आपले आणि दोन मुलींचे पोट भरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. श्चुकीला कमावायला शिकलेली मान्या त्यांच्यात अजून जिवंत होती. विद्यापीठाने पतीच्या जागी त्यांना शिकवण्याचे काम दिले. सॉरबॉनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरणांची यंत्रे मोटारींत बसवून जखमी सैनिकांपर्यंत नेली.

१९३२ मध्ये त्यांच्या वॉर्सा शहरात रेडियम संस्था सुरू झाली. कॅन्सरच्या रुग्णांवर तेथे उपचार होऊ लागले. या संस्थेसाठी सर्वांत जास्त झटली ती ब्रोन्या. तिनेच संस्थेचा कारभार पाहिला. वॉर्सात एकमेकींना वचन देणाऱ्या त्या दोन गरीब मुलींनी आपल्या शहराला असे दान दिले. पुढे दोनच वर्षांनी, ४ जुलै १९३४ रोजी मादाम क्युरींचे निधन झाले. किरणोत्साराने त्यांचे शरीर आतून पोखरले होते.

विद्यार्थ्यांनो, आता आपल्या प्रश्नाकडे वळू. कमवत कमवत शिकता येते का? येते. पण वेळ लागतो. मेरीला आठ वर्षे लागली. त्या वर्षांत तिने पुस्तक एकदाही कायमचे मिटले नाही, म्हणूनच ती वर्षे वाया गेली नाहीत. आपल्या पायांवर उभे राहणे म्हणजे घरच्यांशी नाते तोडणे नव्हे, हेही तिच्याकडून शिका. तिने बहिणीला दिले, बहिणीकडून घेतले, वडिलांची मदतही घेतली. घेतलेले मात्र ती कधी विसरली नाही. उद्या तुम्ही दुकानात, कारखान्यात किंवा शिकवणीत काम करून शिकाल. तेव्हा महिन्याच्या पगारातून एक वही आणि एक पुस्तक आपल्यासाठी घ्या. आणि घरात तुमच्या मागे एखादी हुशार बहीण शिकायची थांबली असेल, तर तिच्या फीचाही हिशेब मांडा.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
क्षय – टीबी, फुप्फुसाचा आजार
शिल्लक – साठवलेले पैसे
जीव तुटणे – फार वाईट वाटणे
मुकाट्याने – काही न बोलता
वर्दळ – येजा, गर्दी
चिटणीस – सेक्रेटरी
मूलद्रव्य – ज्याचे आणखी वेगळे घटक करता येत नाहीत असा पदार्थ

स्वाध्याय

१. मान्या आणि ब्रोन्या यांनी एकमेकींना कोणते वचन दिले?
२. अपमान होऊनही मान्याने श्चुकी येथील नोकरी का सोडली नाही?
३. शिष्यवृत्तीचे पैसे मेरीने परत का केले? तुम्हांला ते योग्य वाटते का?
४. तुमच्या ओळखीच्या, काम करून शिकणाऱ्या एका व्यक्तीविषयी आठ ते दहा ओळी लिहा.